अभंग ऐकून बरं वाटतं, ही भक्ती की पेनकिलर?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक १६ ते १८.

या तीन श्लोकांत भगवंत म्हणतात, मला भजणारी माणसं चार प्रकारची असतात. पहिला आर्त, म्हणजे ज्याला काहीतरी दुखतंय, जो अडचणीत आहे. दुसरा जिज्ञासू, ज्याला जाणून घ्यायचंय. तिसरा अर्थार्थी, ज्याला काहीतरी हवंय. आणि चौथा ज्ञानी, ज्याला देवापेक्षा वेगळं असं काही नकोच आहे. चौघांमध्ये ज्ञानी सगळ्यात जवळचा, हे भगवंत स्पष्ट सांगतात. पण लगेच पुढे असंही सांगतात की हे चौघंही थोरच आहेत.

हे श्लोक आज मुद्दाम घेतले, त्याला कारण आहे. मागच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये चहा घेताना एका सहकाऱ्याने मला विचारलं, "तू काम करताना अभंगांची प्लेलिस्ट लावतोस आणि मी लो-फाय लावतो. फरक काय? तुलाही डोकं शांत करायचंय, मलाही तेच. मग तू त्याला भक्ती का म्हणतोस? तू तर विठोबाला पेनकिलर करून टाकलंयस!"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न साधा नाहीये. तुमच्यापैकी कितीतरी जण सकाळी मेट्रोत हरिपाठ लावतात, रात्री झोप येत नाही म्हणून बासरी लावतात, रिलीजच्या दिवशी कानात 'जय जय राम कृष्ण हरी' चालू ठेवतात. हे आपण नक्की कोणासाठी करतो? देवासाठी की आपल्या ब्लड प्रेशरसाठी? आणि आपल्यासाठी करत असू, तर त्यात गैर काही आहे का?

आज यावरच थोडं बोलू.

आधी शरीराचं बघू, कारण मी इंजिनिअर आहे आणि एखादी गोष्ट चालते कशी हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

२००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लुचिआनो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला साधारण सहावर आली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. श्वास असा संथ झाला की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचे चढउतारही त्याच लयीत येतात. शरीराला 'आता धोका नाही' असा निरोप मिळतो.

आता आपल्या भजनाची रचना बघा. बुवा एक ओळ म्हणतात, टाळकरी ती उचलतात. ओळ म्हणताना श्वास हळूहळू सुटत जातो आणि दुसऱ्याची पाळी आली की आपोआप भरून घेतला जातो. भजनी ठेका आठ मात्रांचा. तो इतका ओळखीचा असतो की तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात पाय आपसूक ताल धरतात. एकच ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे पुढे काय येणार याची धास्ती नसते. दिवसभर 'आता पुढे काय' याच भीतीत असलेल्या मेंदूला, पुढे काय येणार हे आधीच माहीत असण्याची चैन मिळते. या भजनाच्या पद्धतीमागे शतकांची परंपरा आहे. ती घडवणाऱ्यांनी श्वास मोजले नव्हते, पण गाणाऱ्याच्या छातीला काय झेपतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता खरी अडचण इथेच आहे. बर्नार्दींच्या अभ्यासात लॅटिन प्रार्थनेनेही तेच झालं आणि तिबेटी बौद्ध परंपरेतल्या मंत्रानेही तेच. म्हणजे शरीरापुरतं बोलायचं तर माझा सहकारी बरोबर आहे. संथ लय, लांब श्वास आणि ओळखीचे शब्द असले की झालं. नाव विठ्ठलाचं असलंच पाहिजे असं शरीराला काही वाटत नाही.

मला यात देवाचा अपमान वाटत नाही. पाऊस वारकऱ्याच्या शेतात पडतो तसा नास्तिकाच्या शेतातही पडतो. म्हणून त्याच्याबद्दल आपण कमी कृतज्ञ होत नाही. स्वराने आणि श्वासाने शांत होणारं शरीर सगळ्यांनाच मिळालंय, ही दया मोठीच म्हणायची. तेव्हा शरीराचा मुद्दा मी सहकाऱ्याला देऊन टाकतो. भक्तीचा प्रश्न सुरू होतो तो शरीर शांत झाल्यानंतर.

पण त्याआधी पेनकिलरचा मुद्दा. दुखतंय म्हणून देवाकडे जाणं हे खालच्या दर्जाचं आहे, असं आपल्याला का वाटतं? भगवंतांना तर तसं वाटत नाही. त्यांनी यादीत पहिलं नाव आर्ताचंच घेतलंय. आर्त भक्ताचं उदाहरण म्हणून परंपरा गजेंद्राचं नाव घेते. भागवताच्या आठव्या स्कंधातली ती कथा तुम्हाला माहीतच आहे. पाण्यात उतरलेल्या हत्तीचा पाय मगरीने धरला, ताकद संपली, सोबतचे हत्तीही काही करू शकले नाहीत, आणि मग त्याने स्तुती गायली. या कथेतल्या एका बारीक गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही. गजेंद्राने ती स्तुती त्या क्षणी रचली नव्हती. मागच्या जन्मी तो इंद्रद्युम्न नावाचा राजा होता आणि तेव्हा शिकलेलं स्तोत्र त्याला आठवलं, असं भागवत सांगतं. मगरीने पाय धरलेला असताना कोणी नवीन काही शिकत नाही. आधी शिकलेलं असतं तेच वर येतं.

हे मला अगदी शब्दशः कळलं ते बाबांच्या बायपासच्या दिवशी. आम्ही ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलो होतो. त्या मजल्यावर मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे प्लेलिस्ट वगैरे सगळं बाद. साडेचार तास समोर फक्त एक दरवाजा आणि त्यावरचा लाल दिवा. लहानपणी आजी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आम्हा भावंडांना हरिपाठ म्हणायला बसवायची. आम्ही कंटाळत म्हणायचो, एक डोळा टीव्हीकडे ठेवून. त्या दिवशी तोच हरिपाठ ओठांवर आला. मोठ्याने नाही, पुटपुटत. थोड्या वेळाने बघितलं तर आईचेही ओठ हलत होते. भीती गेली का? नाही गेली. पण मी तिथे बसू शकलो, आईचा हात हातात घेऊन. तेवढंच हवं होतं. बाबा आता छान आहेत, रोज सकाळी फिरायला जातात.

त्या साडेचार तासांत मी देवाचा 'वापर' करत होतो का? असेनही. पण बुडणारा माणूस काठावरच्याला हाक मारतो तेव्हा आपण त्याला स्वार्थी म्हणत नाही. हाक मारायला कोणीतरी आहे हा विश्वास त्या हाकेतच असतो. भगवंत आर्ताला थोर म्हणतात ते याचसाठी, असं मला वाटतं. दुखल्यावर माणूस शंभर ठिकाणी जाऊ शकतो. तो इकडे वळला, हेच त्याचं थोरपण.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं : ताण हलका व्हावा म्हणून अभंग ऐकण्यात गैर काही नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. कारण त्याच गीतेत मला याची दुसरी बाजूही दिसते.

पहिल्या अध्यायातला अर्जुन आठवा. अंग गळून गेलंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, अंगावर काटा आलाय, हातातून गांडीव निसटतंय, त्वचेची आग होतेय, नीट उभंही राहता येत नाही, डोकं गरगरतंय. आजच्या भाषेत आपण याला पॅनिक अटॅक म्हणू. आणि त्याच्या शेजारी बसलंय कोण? ज्याच्या बासरीने गोकुळातल्या गायी चरायच्या थांबायच्या, तो! भागवताच्या दहाव्या स्कंधात त्या बासरीचं केवढं वर्णन आहे. जगातला सगळ्यात प्रभावी संगीतोपचार ज्याच्याकडे आहे, तो नेमका रथावर हजर आहे.

आणि तो बासरी काढत नाही.

तो बोलतो. आधी थोडं कडक बोलतो, मग समजावतो, प्रश्न घेतो, उत्तरं देतो. अठरा अध्याय, सातशे श्लोक. शेवटी निर्णयही अर्जुनावरच सोडतो. वाटलं असतं तर श्रीकृष्णाने दोन सूर छेडले असते आणि अर्जुन शांत झाला असता. पण तो शांत झालेला अर्जुन पुढे काय करणार होता? त्याच्या अस्वस्थतेमागे एक खरा प्रश्न होता, आणि प्रश्न तसाच ठेवून मन शांत करणं ही भगवंतांना मदत वाटली नाही.

याचा अर्थ गाणं गौण आहे असा नाही. याच गीतेत नवव्या अध्यायात भगवंत महात्म्यांची खूण सांगताना सतत कीर्तन करणं हीच खूण सांगतात. दहाव्या अध्यायात वेदांमध्ये मी सामवेद आहे असं म्हणतात, म्हणजे गायला जाणारा वेद. गाणं त्यांना प्रियच आहे. पण गाण्याची वेळ कोणती आणि बोलण्याची कोणती, हे त्यांना कळतं. आपल्यालाही कळायला हवं.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. सर्व्हरवर काही बिघडलं की अलर्ट येतो. रात्री दोन वाजता फोन वाजतो. तो आवाज डोक्यात जातो हे खरंय. त्यावर दोन उपाय असतात : एक, अलर्ट म्यूट करायचा; दोन, लॉग उघडून बघायचं की नक्की काय झालंय. कधीकधी म्यूट करणंच बरोबर असतं, कारण खोटे अलर्टही खूप असतात. पण डिस्क भरत आली असेल आणि आपण म्यूट करून झोपलो, तर सकाळी काय होणार हे सांगायला नको. ताण हाही एक अलर्ट आहे. काही ताण उगाचच असतात, काही खरी बातमी घेऊन येतात.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. ती सांगत होती, "ऑफिसला येताना कॅबमध्ये रोज हरिपाठ ऐकते. उतरेपर्यंत एकदम शांत. आणि स्टँडअपला उभी राहिले की परत छातीत धडधड." महिनाभर हे चाललं होतं. एके दिवशी तिने कॅबमध्ये काहीच लावलं नाही. डायरी काढली आणि आपल्याला नेमकी कसली भीती वाटतेय ते लिहिलं. एकच ओळ निघाली : दिलेल्या तारखेला काम पूर्ण होणार नाही आणि हे कोणालाच माहीत नाही. त्या दिवशी तिने स्टँडअपला ते दोन वाक्यांत सांगून टाकलं. तारीख पुढे गेली, थोडं काम दुसऱ्याकडे गेलं. नंतर ती मला म्हणाली, "दुसऱ्या दिवशी तोच हरिपाठ लावला, आणि पहिल्यांदा शब्द ऐकू आले."

हे वाक्य मी लिहून ठेवलंय. तोवर हरिपाठाला ती धडधड झाकायचं काम करावं लागत होतं. ते काम संपल्यावर त्याला त्याचं स्वतःचं काम करता आलं.

आणि आपल्या परंपरेत गाणं हे झाकायला नव्हतंच मुळी. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्यातल्या कितीतरी 'पारी'च्या संकेतस्थळावर बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात. जरूर ऐका. त्यात विठोबा आहे, रुक्मिणी आहे, पण सासर आहे, माहेर आहे, दारू पिणारा नवरा आहे, न आलेला भाऊ आहे. पहाटे दळताना बाई आपलं दुःख विसरत नव्हती, ती ते जात्याला सांगत होती. घरात ज्याचा उच्चार करता येत नव्हता तो ओवीत करता यायचा. गाण्याने हातही हलका व्हायचा आणि मनही मोकळं व्हायचं. जनाबाईसोबत विठ्ठल दळायला बसायचा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. जनाबाई गायची ती श्रम हलके व्हावेत म्हणून की देवासाठी, हे कोणी तिला विचारलं नाही. तिच्यासाठी तो एकच प्रश्न होता. देव दळायला बसला की श्रम हलके होणारच.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ओव्या गोड आहेत म्हणून बायकांनी रोज पहाटे उठून दळतच राहावं, असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या दंडांना आराम मिळाला, हे चांगलंच झालं. हे सांगायचं कारण, हल्ली कितीतरी ठिकाणी लोकांकडून बारा-बारा तास काम करून घेतात आणि शुक्रवारी अर्ध्या तासाचं 'म्युझिक आणि माइंडफुलनेस' सेशन ठेवतात. सेशन चांगलं असतं, त्याला जावंही. पण जातं जड असेल तर तेही म्हणायला हवं. अन्याय्य ओझं सुसह्य करण्यासाठी भजनाचा वापर होत असेल, तर तो भजनाचाही अपमान आहे. संतांनी आपल्याला गायला शिकवलं आणि ढोंगाला तोंडावर ढोंग म्हणायलाही शिकवलं.

आता दुसरा धोका, आणि हा थेट आपल्या पिढीचा आहे : हेडफोन.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा घ्या. चिखल तुडवता तुडवता ते नामात इतके रंगले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं तरी कळलं नाही. आपण ही कथा तल्लीनतेचं टोक म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण त्या कथेत आईचा आक्रोशही आहे. महिपतींनी 'भक्तविजया'त ही कथा सांगितली, तेव्हा तो आक्रोश त्यांनी लपवला नाही. आणि कथेच्या शेवटी विठ्ठल ते मूल परत देतो. मला त्यातून असं कळतं की देवालासुद्धा ती तल्लीनता त्या किंमतीला नको होती. संध्याकाळी घरी आल्यावर बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन लावून आपण अभंग ऐकत बसलो आणि आतल्या खोलीतून बायको किंवा आजोबा हाक मारतायत ते ऐकूच आलं नाही, तर त्या वेळी देव कुठल्या खोलीत होता असं समजायचं?

वारकरी भजन मुळात एकट्याने ऐकायची गोष्ट नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या कुठल्याही दिंडीत बघा. वीणेकरी आहेत, मृदंग आहे, टाळकरी आहेत, डोक्यावर तुळस घेतलेल्या माऊल्या आहेत. ज्याला सूर लागत नाही तोही गातोय आणि त्याला कोणी थांबवत नाही. शेजारच्याचा टाळ चुकला तर आपण आपला किंचित घट्ट धरतो, तो सावरतो. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी समूहगान करणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची गती एकत्र चढते-उतरते असं दाखवून दिलं. दिंडीत चाललेल्याला याचं नवल वाटणार नाही. पण आपण खोलीत एकटे, कानात पंडित भीमसेन जोशी, आणि बाहेर कोणाशी दोन शब्द बोलायची इच्छा नाही, अशी अवस्था होत असेल तर सावध व्हायला हवं. भीमसेनजींच्या संतवाणीने अभंग अशा घरांत पोचवला जिथे कधी कोणी वारी केली नव्हती. ते दार बाहेर जायला आहे. आपण ते आतून लावून घेऊ नये.

आणखी एक गोष्ट, जरा गंभीर. सगळे ताण गाण्याने जात नाहीत. कुमार गंधर्वांचं आयुष्य यासाठी आठवावं. क्षयरोग झाला म्हणून ते १९४८ च्या सुमारास देवासला येऊन राहिले. फुप्फुस निकामी झालं होतं, गाणं पूर्ण बंद. पाचेक वर्षं तो माणूस गायला नाही. अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिला. मग स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळालं, उपचार झाले, आणि ते पुन्हा गायला लागले. पुढे त्यांनी कबीरांची जी निर्गुणी भजनं गायली ती ऐकताना आजही अंगावर शहारे येतात. क्षय औषधाने बरा झाला. ऐकण्याने त्यांचं गाणं नवं केलं. दोन्ही लागलं, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. म्हणून मंडळी, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर फक्त प्लेलिस्ट बदलू नका. डॉक्टरांकडे जा. भारत सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे. तिथे फोन केल्याने भक्ती कमी होत नाही.

आता पुन्हा सुरुवातीच्या मुद्द्यावर येऊ. शरीर शांत झालं, पुढे काय?

मला वाटतं, माझ्या सहकाऱ्याच्या लो-फायमध्ये आणि अभंगात फरक असेल तर तो इथे आहे. लो-फाय तुम्हाला शांत करतं आणि तिथेच थांबतं. त्यात बोलणारं कोणी नाही, ते बनवलंयच तसं. अभंगात कोणीतरी बोलतंय. तुमची धडधड कमी झाली की तुकोबा विचारायला लागतात, की बाबा, हे सगळं कशासाठी चाललंय? आर्त म्हणून आलेला माणूस तो प्रश्न ऐकायला थांबला, तर तो जिज्ञासू होतो. नाही थांबला, बरं वाटलं म्हणून उठून गेला, तरी देव काही रागावत नाही. पण ताट वाढलेलं असताना पाणी पिऊनच उठल्यासारखं ते होतं.

भागवतात आणि दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगितली आहे. त्यात पहिली श्रवण आणि दुसरी कीर्तन. श्रवण म्हणजे कानावर पडणं नव्हे. कानावर तर लिफ्टमधलं संगीतही पडतं. श्रवण म्हणजे जे ऐकतोय त्याला आपल्याला बदलायची परवानगी देणं. माझी प्लेलिस्ट श्रवण आहे की नुसता आवाज, हे गाण्यावर ठरत नाही, माझ्यावर ठरतं. कोड लिहिताना मागे चालू असलेला अभंग हा बहुतेक वेळा आवाजच असतो, आणि असू दे. उदबत्तीचा वासही असाच मागे दरवळत असतो. पण दिवसातला एखादा अभंग तरी असा असावा, ज्याच्यासोबत दुसरं काहीही चालू नाही.

आणि हे चार भक्त वाचताना हल्ली मला वाटतं की ही चार वेगळी माणसं नसावीत. एकाच माणसाच्या दिवसातल्या या चार वेळा असतील. सकाळी अप्रेझलचं टेन्शन असतं तेव्हा मी अर्थार्थी. दुपारी फोनवर वाईट बातमी आली की आर्त. रात्री जेवण झाल्यावर पुस्तक उघडलं की जिज्ञासू. आणि कधीतरी, एखाद्या भजनात, शेवटचा गजर संपून टाळ थांबतात आणि कोणीच लगेच बोलत नाही, त्या दोन क्षणांत काहीच नको असतं. तेवढ्यापुरता चौथाही आपल्यात येऊन जातो. त्याला धरून ठेवता येत नाही. पण तो येतो, हे कळलंय.

त्या शांततेवरून आठवलं. बर्नार्दींनीच २००६ साली 'हार्ट' नावाच्या नियतकालिकात दुसरा अभ्यास छापला. त्यात वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवताना मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. माणसांचं हृदय आणि श्वास सगळ्यात निवांत झाले ते कुठल्याही संगीतात नव्हे, तर त्या शांततेत. अगदी संगीत सुरू व्हायच्या आधीपेक्षाही जास्त. आपली प्लेलिस्ट मात्र एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू करते.

म्हणून आजचा अभ्यास, पाच छोट्या गोष्टी. जमेल तेवढं करा.

१. गाणं लावण्याआधी स्वतःला एकदा विचारा : या ताणाला गाणं हवंय की निर्णय? निर्णय हवा असेल तर आधी तो, किंवा निदान तो एका कागदावर लिहून काढा.

२. दिवसातून एक अभंग ऐकू नका, म्हणा. आवाज कसाही असो. फायदा म्हणण्यात जास्त आहे, कारण श्वास तुमचा लागतो.

३. तो संपल्यावर दोन मिनिटं काहीही लावू नका.

४. या महिन्यात एक अभंग पाठ करा. रेंज नसलेल्या मजल्यावर तोच उपयोगी पडेल.

५. आठवड्यातून एकदा कोणासोबत तरी गा. सोसायटीतलं भजनी मंडळ असेल, घरची आरती असेल, नाहीतर व्हिडिओ कॉलवर आजी असेल. हेडफोन बाजूला ठेवून.

सहकाऱ्याला मी काय उत्तर दिलं, असं विचाराल. त्याला एवढंच म्हटलं की तू म्हणतोस ते बरोबर आहे, मी दुखतंय म्हणूनच जातो. पण गेल्यावर जरा वेळ थांबतो. येत्या एकादशीला आमच्या सोसायटीत भजन आहे, त्याला बोलावलंय. टाळ मी देणार आहे.

पांडुरंगा, दुखलं की तुझी आठवण होते, हे खरं आहे. तू त्यालाही चांगलं म्हणालास. आता एवढंच कर, दुखणं थांबल्यावर लगेच उठून जाऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.